मेरुद्रवातील साखर ‘नॉर्मल’, सीबीनॅट निगेटिव्ह, तरीही क्षयरोगाचा मेंदूज्वर कसा?

प्रश्न : मांजराकाठ

नमस्कार. माझ्या सासऱ्यांना (वय ६१, जुना मधुमेह) सुमारे तीन आठवडे संध्याकाळचा ताप आणि सतत डोकेदुखी होती. गावातील डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकांनी उतार पडला नाही आणि बोलण्यात असंबद्धपणा येऊ लागला, तेव्हा त्यांना शहरातील रुग्णालयात दाखल केले. तेथे पाठीतले पाणी (मेरुद्रव, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढून तपासले. अहवालात द्रव किंचित धूसर, पांढऱ्या पेशी प्रति घन मिलिमीटर १८० (पैकी ८० टक्के लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा प्रकार), तांबड्या पेशी १४००, प्रोटीन १६८ व साखर ४८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, एडीए (क्षयरोगात वाढणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम) १२, ग्रॅम व झेडएन स्टेनमध्ये (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी; झेडएन क्षयजंतूंसाठी) जंतू नाहीत आणि सीबीनॅट (क्षयजंतूंचा डीएनए शोधणारी यंत्रचाचणी) निगेटिव्ह, असे लिहिले आहे. साखरेपुढे छापलेली सामान्य मर्यादा ४० ते ७० आहे. तरीही क्षयरोगाची औषधे आणि स्टिरॉइड सुरू झाली आहेत. जंतू सापडलेला नसताना हे निदान कशाच्या आधारावर होते, आणि पाण्यात रक्त मिसळल्यामुळे सगळेच आकडे बिघडलेले असू शकतात का? डॉक्टरांवर अविश्वास नाही. राउंडच्या वेळी एवढे विचारण्याइतकी सवड मिळत नाही, इतकेच.

उत्तर १ : काचपट्टी

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे निदानावर न बोलता आकड्यांपुरते लिहितो.

आधी रक्ताचे पाहू. सुई जाताना बारीक शीर दुखावली की थोडे रक्त नमुन्यात उतरते, आणि ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की तिच्यासाठी ठोकताळे ठरलेले आहेत : दर ५०० ते १००० तांबड्या पेशींमागे एक पांढरी पेशी आणि दर १००० तांबड्या पेशींमागे सुमारे १ मिलिग्रॅम प्रोटीन वजा करायचे. तुमच्या अहवालात त्यामुळे फार तर तीन पेशी आणि दीड मिलिग्रॅम प्रोटीन कमी होईल. निरोगी प्रौढाच्या मेरुद्रवात पांढऱ्या पेशी पाचाच्या आत आणि प्रोटीन साधारण १५ ते ४५ असते, हे लक्षात घेता १८० आणि १६८ हे आकडे रक्त मिसळल्यामुळे आलेले नाहीत, असे खात्रीने म्हणता येते.

खरी मेख साखरेत आहे. मेरुद्रवातील साखर रक्तातूनच येते आणि ती रक्तशर्करेच्या साधारण दोन तृतीयांश असते. म्हणून छापील मर्यादा ही ज्याची रक्तशर्करा ८० ते १०० च्या आसपास आहे, अशा माणसाला धरून असते. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत ती मर्यादा सरळ दिशाभूल करते. पाणी काढले त्या वेळची रक्तशर्करा किती होती, हे केसपेपरवर पाहून येथे लिहा. ती नोंद नसेल, तर ४८ या आकड्यावरून काहीही ठरवता येणार नाही. मेरुद्रवाबरोबर रक्ताचा नमुना न पाठवणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि त्याबद्दल प्रयोगशाळेनेच आग्रह धरायला हवा, असे माझे मत आहे.

आणखी एक शंका : नमुना तिथल्या तिथे तपासला की बाहेर पाठवला? मेरुद्रवातील न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) फार लवकर विरघळतात. खोलीच्या तापमानाला दोन तासांत त्यांची संख्या निम्म्यावर येऊ शकते. उशीर झालेल्या नमुन्यात लिम्फोसाइटचे प्रमाण आहे त्यापेक्षा जास्त दिसते, आणि साध्या नळीत साखरही हळूहळू घटत जाते, म्हणून साखरेसाठी फ्लोराइडची नळी वापरतात.

मांजराकाठ :

आपण इतके सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. केसपेपरवर त्या वेळची रक्तशर्करा २१२ लिहिली आहे. पेशींची मोजणी रुग्णालयातच अर्ध्या तासात झाली होती. सीबीनॅटचा नमुना मात्र दुसरीकडे गेला आणि त्यासाठी अगदी थोडे पाणी उरले होते, असे सिस्टर म्हणाल्या.

उत्तर २ : वॉर्ड क्रमांक नऊ

२१२ ला ४८, म्हणजे गुणोत्तर ०.२३ इतके येते. येथे ‘काचपट्टी’ यांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते : रक्तशर्करा फार वाढलेली असते तेव्हा मेरुद्रवातील साखर त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे मधुमेही रुग्णात मेंदूज्वर नसतानाही गुणोत्तर ०.४ पर्यंत खाली आलेले दिसू शकते, आणि दोन तृतीयांशाचा नियम तेथे ताठरपणे लावता येत नाही. शिवाय रक्तातील बदल मेरुद्रवात उतरायला काही तास लागतात. एवढी सूट दिली तरी ०.२३ हे कमीच आहे. विषाणूजन्य मेंदूज्वरातही लिम्फोसाइट वाढतात आणि प्रोटीन चढते, पण साखर सहसा टिकून राहते. म्हणून या अहवालात विषाणू की क्षयरोग, हा प्रश्न बराचसा त्या ‘नॉर्मल’ दिसणाऱ्या आकड्यावरच फिरतो.

आधी घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे अर्धवट दबलेला जिवाणूजन्य मेंदूज्वर असेच चित्र उभे करू शकतो, हे मान्य करायला हवे. परंतु तो आजार तासांत किंवा फार तर काही दिवसांत बळावतो. तीन आठवडे रेंगाळत नाही.

सीबीनॅटबद्दल स्पष्ट लिहितो. क्षयरोगाच्या मेंदूज्वरात द्रवातील जंतू मुळातच फार विरळ असतात. सीबीनॅट यंत्रात घालायच्या जुन्या कार्ट्रिजला (चाचणीच्या डबीला) प्रति मिलिलिटर सुमारे ११३ जंतू लागतात, तर ‘अल्ट्रा’ ही नवी कार्ट्रिज सुमारे १६ जंतूही पकडते; पण नमुनाच अर्धा मिलिलिटर असेल, तर यंत्र कितीही संवेदनशील असून उपयोग नाही. शक्य असेल तेथे क्षयरोगासाठी स्वतंत्र ६ मिलिलिटर किंवा अधिक द्रव घेऊन तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावा आणि तळाचा गाळ चाचणीला लावावा. जागतिक आरोग्य संघटना ही चाचणी पहिली म्हणून करायला सांगते, मात्र ती निगेटिव्ह आली म्हणून क्षयरोग नाही, असे कोठेही सांगत नाही. झेडएन स्टेनचे तर विचारूच नका. बहुतेक रुग्णांत तो निगेटिव्हच येतो.

एडीए १२ हा आकडा क्षयरोगाकडे झुकतो, पण मी त्याला दुय्यम मानतो. हे विकर इतर मेंदूज्वरांत आणि लिम्फोमा या कर्करोगातही वाढते, आणि केवळ त्याच्या बळावर कोणी औषधे सुरू करत नाही. कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) लावले असेल तर त्याचा निकाल यायला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. रुग्णाची शुद्ध हरपू लागलेली असताना तेवढे थांबणे म्हणजे जिवाशी खेळ होईल. म्हणून अशा अहवालावर उपचार आधी सुरू करतात आणि पुरावा मागाहून गोळा करतात.

मांजराकाठ :

पुन्हा एकदा पाणी काढावे लागेल, असे आज सांगितले आहे. घरातील ज्येष्ठ मंडळी त्याला तयार नाहीत; अंगातले पाणी कमी होईल, अशी त्यांना धास्ती आहे.

उत्तर ३ : काचपट्टी

प्रौढ माणसात हा द्रव एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला जवळपास ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. दहा मिलिलिटर काढले, तर ते अर्ध्या-पाऊण तासात भरून निघतात. सुई कमरेच्या तिसऱ्या व चौथ्या किंवा चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या मध्ये जाते आणि मज्जारज्जू त्याच्या बराच वर, पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपलेला असतो, हेही त्यांना सांगा. नंतर काही दिवस डोके दुखू शकते, ते मात्र लपवू नका.

दुसऱ्या नमुन्यात लिम्फोसाइट घटून न्यूट्रोफिल वाढलेले दिसले, तर दचकू नये. क्षयरोगाची औषधे सुरू झाल्यावर काही रुग्णांत असे होते. प्रोटीन उतरायलाही बराच वेळ लागतो.

उत्तर ४ : वॉर्ड क्रमांक नऊ

या वेळी क्रिप्टोकोकस या बुरशीच्या प्रतिजनाची (तिच्या ओळखीच्या अंशाची) चाचणीही होणार आहे का, ते विचारून घ्या. ती बुरशी मधुमेही रुग्णातही असाच रेंगाळणारा मेंदूज्वर घडवते, तिच्यातही साखर उतरते आणि लिम्फोसाइट वाढतात, आणि तिची औषधे पूर्णपणे वेगळी आहेत. एचआयव्हीची तपासणी झाली नसेल, तर तीही सोबत करून घ्यावी.