गृहपाठ बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी वर्गपाठाची वही उघडून बघावी

शाईचा डाग:
एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरते आहे. पाचवीपर्यंतचा गृहपाठ साफ बंद करा, वर्गात शिकवायचं राहिलेलं शिक्षक घरी ढकलतात आणि पालकांना फुकट राबवून घेतात, असा तिचा सूर. मला ती ओळखीच्या पालकांनीच आवर्जून पाठवली. काल गप्प बसले, आज बसवत नाही. मी प्राथमिकला शिकवते, सध्या तिसरीचा वर्ग आहे.

वर्गात काय घडतं ते सांगते. तासिका ३५ मिनिटांची. मुलं जागेवर बसून योग्य ती वही काढेपर्यंत पहिली पाच मिनिटं जातात. मग शिकवणं, मग उरलेल्या वेळात वर्गपाठ. हातच्याची वजाबाकी मी फळ्यावर करून दाखवते आणि त्यानंतर मुलं वहीत चार उदाहरणं करतात. तिसऱ्या-चौथ्या उदाहरणाला येईपर्यंत बऱ्याच जणांची नजर शेजारच्या वहीत गेलेली असते. ती लबाडी नाही, ते वयच तसं आहे. पण कोणाला जमलं आणि कोणी नुसतं उतरवलं, हे मला त्या वहीवरून कळत नाही. ते कळतं दुसऱ्या दिवशी, घरून एकट्याने करून आणलेल्या पाच उदाहरणांवरून. ५२ मधून ३८ वजा केले आणि उत्तर २६ आलं, असं कोणी लिहून आणलं की मला लगेच दिसतं: हे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, एककाच्या घरात वर २ आहेत की खाली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ही चूक मला बघायचीच असते. गृहपाठ बंद केला तर ती मला थेट परीक्षेत दिसणार.

दुसरी गोष्ट विसरण्याची. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच निरर्थक अक्षरगट पाठ करून आपण ते किती वेगाने विसरतो हे मोजलं आणि १८८५ मध्ये मांडलं. सर्वांत जास्त गळती सुरुवातीच्या काही तासांतच होते. मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा उजळणी केली की टिकाव वाढतो, हे त्यानंतर वेगवेगळ्या वयांच्या मुलांवर तपासून झालं आहे. सकाळचं संध्याकाळी दहा मिनिटं परत हाताखालून गेलं तर काय बिघडलं?

मी प्रकल्प, तक्ते, सजावट यांची बाजू घेत नाहीये. ज्या गृहपाठाला आईबाबा लागतात तो मी देत नाही आणि कोणी देऊ नये. थोडा, रोज, आणि मुलाला एकट्याने जमेल असा. एवढ्यालाही जुलूम म्हणणार असाल तर मला उत्तर हवंय.

त्रिज्या:
बाई, ५२ वजा ३८ चं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ते मूल घरी पाचही उदाहरणं त्याच चुकीच्या रीतीने करतं. म्हणजे चुकीचा पाच वेळा सराव. तुमच्यासमोर केलं असतं तर पहिल्याच उदाहरणाला तुम्ही थांबवलं असतं. नवीन शिकलेली रीत त्याच दिवशी एकट्याने करायला पाठवणं हाच उलटा कारभार आहे.

आणि तपासण्याचं काय? वर्गात ५० मुलं धरा. एका वहीला एक मिनिट म्हटलं तरी ५० मिनिटं, तासिकेपेक्षा जास्त. मुलाच्या वहीत मला दिसते ती नुसती बरोबरची खूण आणि तारीख. चुकलेल्या उदाहरणावरही खूण आहे. मी फोटो काढून ठेवलेत.

संशोधनच हवं असेल तर ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर आणि सहकारी यांनी १९८७ ते २००३ या काळातल्या अमेरिकी अभ्यासांचा आढावा घेतला, तो २००६ मध्ये आला. गृहपाठ आणि प्रगती यांचा संबंध सातवीपासून पुढे ठळक, सहावीपर्यंत फारच क्षीण. शिक्षण-संशोधक जॉन हॅटी यांनी २००९ मध्ये प्राथमिकसाठी परिणामाचा जो आकडा दिला तो ०.१५ आहे. ज्याची दखल घ्यावी असं ते मानतात त्याची रेघ ०.४ वर आहे. एवढ्यासाठी रोज रात्री घरात रडारड?

शाईचा डाग:
पन्नास वह्या एका तासिकेत होत नाहीत हे मला तुम्ही सांगायला नको. मी रोज सगळ्या तपासत नाही. एक रांग बारकाईने बघते, बाकीच्यांची उत्तरं वर्गात मोठ्याने वाचून घेते, ज्यांची चुकली ती मुलं हात वर करतात. न वाचता खूण करणारे शिक्षक आहेत, त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण तो तपासणीचा दोष झाला.

कूपर यांचंच सांगताय तर पुढचंही सांगा. लहान मुलांना गृहपाठ देऊच नका असा निष्कर्ष त्यांनी काढलेला नाही. इयत्तेमागे साधारण दहा मिनिटं, हा अंदाज त्यांनीच पुरस्कारलेला आहे. म्हणजे तिसरीला अर्धा तास. मी त्याहून कमी देते.

रेघोटी:
दोघेही वजाबाकीत अडकलात. आमच्या घरची रडारड वेगळी आहे आणि ती वर्गपाठातूनच येते.

भाषेच्या तासाला धडा झाला, खाली प्रश्न: ससा का घाबरला? मुलीने लिहिलं, "त्याला वाटलं कोणीतरी येतंय, म्हणून तो घाबरला." फळ्यावरचं उत्तर होतं, "पानांचा आवाज ऐकून ससा घाबरला." तिच्या उत्तरावर लाल काट, आणि शेजारी "फळ्यावरील उत्तर तीन वेळा लिहून आणणे". हा झाला त्या दिवशीचा गृहपाठ. तिने धडा वाचला होता, सशाच्या मनात काय आलं असेल याचा विचार केला होता. शिक्षा त्याचीच झाली. आता ती कुठल्याही प्रश्नाला मला विचारते, "बाईंनी काय लिहून दिलंय?" आठ वर्षांचं मूल आहे.

शाईचा डाग, तुमच्या धाग्याचं शीर्षक बरोबर आहे, वर्गपाठाची वही उघडाच. त्यात फळा उतरवून घेण्यापलीकडे काय असतं?

उलटतपासणी:
निवृत्त शिक्षक. प्राथमिकलाच आयुष्य गेलं. फळ्यावरच्या उत्तराला नावं ठेवणं फार सोपं आहे. दुसरी-तिसरीच्या मुलाला पूर्ण वाक्य लिहिता येत नाही. कर्ता सुटतो, क्रियापद सुटतं, ऱ्हस्व-दीर्घ तर विचारूच नका. नमुना समोर ठेवला नाही तर शिकणार कशावरून? कित्ता गिरवूनच अक्षर वळतं, तसंच वाक्यही वळतं.

दुसरं कारण पालकांनी ऐकावं. पन्नास मुलांनी पन्नास तऱ्हेची उत्तरं लिहिली आणि एकाला पूर्ण गुण, दुसऱ्याला अर्धा मिळाला, की संध्याकाळी फोन सुरू होतात. "तिचं बरोबर धरलं, मग माझ्या मुलाचं का नाही?" एकच उत्तर लिहून दिलं की तक्रार संपते. ही सवय आम्हाला कोणी लावली?

रेघोटी:
म्हणजे पालक फोन करतात म्हणून मुलांनी विचार करायचा नाही. हे तुम्ही लिहून दिलंत हे बरं झालं.

कित्ता गिरवायला माझी हरकत नाही. शुद्धलेखनाचा तास वेगळा ठेवा, तिथे हवं तेवढं गिरवा. "का" असा प्रश्न विचारून पुन्हा उत्तरही तुम्हीच सांगणार असाल, तर तो प्रश्न विचारलाच कशाला? आणि तिच्या वाक्यात कर्ता होता, क्रियापद होतं. परत वाचा.

उलटतपासणी:
तुमच्या मुलीच्या वाक्यात सशाला काय वाटलं ते आहे, कशामुळे वाटलं ते नाही. पानांचा आवाज धड्यात आहे, तो उत्तरात यायला हवा. अर्धं उत्तर आहे ते. आपल्या मुलाचं सगळंच थोर वाटतं, हा रोग मी अनेक घरांत पाहिलाय.

त्रिज्या:
सर, रोग वगैरे शब्द आवरा. अर्धं उत्तर होतं तर "कशामुळे वाटलं?" एवढेच दोन शब्द बाजूला लिहायचे. मुलीने लगेच पूर्ण केलं असतं. लाल काट मारून तीन वेळा उतरवून घेतल्याने तिला काय कमी होतं ते कळलं का? मुळीच नाही.

पानगळ:
माझं दुःख कोणी मांडत नाही म्हणून मी मांडतो. मुलगा तापाने आठवडाभर घरी होता. परत गेल्यावर सगळ्या विषयांचा बुडालेला वर्गपाठ "पूर्ण करून आणणे". पालकांच्या ग्रुपवर दुसऱ्यांच्या वह्यांचे फोटो मागायचे, ते अंधुक फोटो मोठे करून बघायचे आणि मुलाने अंगात ताकद नसताना पानंच्या पानं उतरवायची. जे शिकवलं तेव्हा तो नव्हता, त्याचं उत्तर लिहून त्याला काय मिळणार? विचारलं तर उत्तर आलं, "वही अपूर्ण चालत नाही." मला पाळीची नोकरी. मी घरी येतो तेव्हा तो झोपलेला असतो. त्याच्या आईला या भाषेतलं वाचता येत नाही. एकट्याने जमेल असा गृहपाठ म्हणता बाई, पण सूचनाच जर आईला वाचता आली नाही तर त्या घरात "एकटा" म्हणजे खरंच एकटा.

शाईचा डाग:
पानगळ, बुडालेला वर्गपाठ उतरवून घेणं मला कधीच पटलेलं नाही. माझ्या वर्गात आजारी मूल परत आलं की पान कोरं सोडून पुढे जायचं, आणि त्यातला जो भाग पुढच्या धड्याला लागणार आहे तेवढा मी मधल्या वेळेत सांगते. वह्या बघायला येणाऱ्यांना कोरी पानं खुपतात. मला त्यावरून ऐकून घ्यावं लागलं आहे, आणि तरीही मी हेच करते.

सूचनेबद्दल तुमचं खरं आहे. म्हणून मी गृहपाठ तोंडी सांगते, मुलाकडून वदवून घेते आणि त्यातलं पहिलं उदाहरण वर्गातच करून घेते. त्रिज्या, चुकीच्या रीतीचा पाच वेळा सराव होऊ नये यासाठीचा उपाय हाच. पहिलं उदाहरण माझ्या नजरेखाली, बाकीची घरी. त्यातही पाचपैकी दोनच नवीन रीतीची, उरलेली मागच्या आठवड्यातली.

मधली सुट्टी:
धागा गृहपाठाचा आहे म्हणून एक आठवण. अनेक देशांनी हा प्रश्न नियमाने सोडवून पाहिला आहे. कॅलिफोर्नियात १९०१ मध्ये १५ वर्षांखालच्या मुलांना घरचा अभ्यास देण्यावर बंदी होती, ती १९१७ मध्ये उठली. चीनने २०२१ मध्ये पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ बंद केला आणि तिसरी ते सहावीला एका तासाची मर्यादा घातली. आपल्याकडच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला दोन तासांपर्यंतच. पोलंडने एप्रिल २०२४ पासून पहिली ते तिसरीचा लेखी गृहपाठ जवळपास थांबवला आणि चौथी ते आठवीला तो ऐच्छिक, बिनगुणांचा केला. एवढे जण उगाच त्या वाटेने गेले का?

उलटतपासणी:
कॅलिफोर्नियाची बंदी उठली, हे तुम्हीच लिहिलंत. आणि लेखी बंद केलं की ती मुलं मोकळी होतात असं समजू नका. ज्यांच्या पालकांना परवडतं ते शिकवणी लावतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्या हातातला रोजचा दहा मिनिटांचा सरावही जातो. पानगळ यांच्या मुलाचं नुकसान गृहपाठाने जास्त होईल की गृहपाठ नसल्याने, हे मला कोणी सांगावं.

पानगळ:
मी सांगतो. दहा मिनिटांचं असेल आणि त्याचं त्याला जमणारं असेल, तर नसल्याने. पण तसं मिळत नाही. मिळतं ते उतरवून काढायचं.

रेघोटी:
नियम केले तरी फळ्यावरचं उत्तर तिथेच राहणार. गृहपाठ बंद झाला तर तीन वेळा लिहायची शिक्षा वर्गात होईल, एवढाच फरक. सर, तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही. "का" विचारून उत्तर आधीच का लिहून देता?

उलटतपासणी:
दिलंय. पुन्हा देतो. आधी नमुना, मग स्वतःचं. पहिल्या सहामाहीत फळ्यावरचं, दुसऱ्या सहामाहीत मुलांचं, असं मी करायचो. सशाच्या उत्तराला मी काट मारली नसती, अर्धा गुण दिला असता. यापेक्षा जास्त माझ्याकडून मान्य होणार नाही.

रेघोटी:
अर्धा गुण दिला असता तर मी हा प्रतिसाद लिहिलाच नसता. आमच्याकडे दुसरी सहामाही आली तरी फळाच चालू आहे.

शाईचा डाग:
"का"चे प्रश्न मी घरी देतच नाही. ते वर्गातच, तोंडी, आधी मुलांनी बोलायचं. चार-पाच वेगळी उत्तरं फळ्यावर मीच लिहिते, त्यांच्याच शब्दांत, आणि प्रत्येकाने आपलं उत्तर वहीत लिहायचं. वेळ जातो. पाठ्यक्रम मागे पडतो आणि बोलणी मला बसतात. पण घरी सराव आणि वर्गात विचार, ही वाटणी सोडायची माझी तयारी नाही. गृहपाठ बंद झाला तर सरावही वर्गातच करून घ्यावा लागेल, आणि ३५ मिनिटांतून पहिल्यांदा कापलं जाईल ते हे बोलणंच. त्या पोस्टला माझा विरोध यासाठी आहे.

त्रिज्या:
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतंत तर एवढं ताणलं गेलं नसतं. पाच उदाहरणं, पहिलं वर्गात, त्यातली नवीन दोनच: एवढ्यापुरतं मान्य. पहिली-दुसरीला तेही नको, यावर मी ठाम आहे. आणि डायरीत रोज पालकांची सही मागू नका. सही मागितली की मूल आधी आमच्याकडे तपासायला येतं, आम्ही खोडून बरोबर करून देतो आणि तुम्हाला जी चूक बघायची आहे ती तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

शाईचा डाग:
सहीचा मुद्दा पूर्ण मान्य, आणि त्याचं कारण तुम्ही नेमकं दिलंत. माझ्या हातात असतं तर उद्यापासून बंद केली असती. सही वरून मागतात. पालकसभेत तुम्ही बोला, पालकांचं ऐकतात. पहिली-दुसरीबद्दल मात्र मी अजून भांडणार आहे, कारण घरी रोज एक पान मोठ्याने वाचणं हाही गृहपाठच आहे.

पानगळ:
वाचणार कोणासमोर, बाई?