मदत हवी आहे: शाळेच्या आवारातली आंबुशी नक्की किती प्रकारची? पाटी लिहायची आहे

गुंजपाला:
नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात शाळेत शिकवते. यंदा पाचवी ते सातवीच्या मुलांना घेऊन आवारातल्या आपोआप उगवणाऱ्या झाडांची नोंद करतोय, म्हणजे लावलेली जास्वंद वगैरे नाही, तर कडेकडेने, फरशीच्या फटीत, कुंड्यांत जे उगवतं ते. प्रत्येकाजवळ छोटी पाटी लावायची आहे आणि आंबुशीपाशी येऊन गाडी अडलीय.

तीन पानांचं, आंबट चवीचं, पिवळ्या फुलाचं ते आंबुशी असं आम्ही धरून चाललो होतो, पण मुलांनी जे जे आणून टेबलावर ठेवलं ते बघून मला एका पाटीवर भागेल असं वाटत नाही. एक तर नेहमीची, जमिनीला चिकटून पसरणारी. दुसरी पाण्याच्या टाकीमागे सावलीत, गवतात, तिचं फूल अगदी तसंच पिवळं पण झाड चांगलं वीतभर उभं. तिसरी फरशीच्या फटीतली, पानं जांभळट तपकिरी, फूल पिवळंच. आणि चौथी नर्सरीतून आणलेल्या कुंड्यांमध्ये, तिची पानं मोठी, फूल गुलाबी, आणि उपटली की देठ हातात येतो आणि खाली कांद्यासारखं काहीतरी मातीतच राहतं, आठवड्याभरात परत हजर! ही चौथी आता वाफ्यातल्या मेथीतही शिरलीय.

मला विचारायचंय ते असं, की पहिल्या तिन्ही एकच जात आहेत की वेगवेगळ्या आणि ते भिंग घेऊन मुलांना स्वतः कसं ठरवता येईल. गुलाबीवालीचं नाव काय आणि ती काढायची कशी (औषध मारायचं नाहीये, मुलं तिथे खेळतात). आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलं ही पानं सर्रास चघळतात, आम्हीही लहानपणी चघळली, पण आता पाटीवर शाळेचं नाव असणार म्हटल्यावर खाण्याबद्दल काय लिहावं? फोटो चढत नाहीयेत, वर्णनावर सांगता आलं तर बघा प्लीज.

पानफुटी:
ताई, फार छान उपक्रम आहे. पिवळ्यांपासून सुरू करते. नेहमीची आंबुशी म्हणजे ऑक्सॅलिस कॉर्निक्युलाटा, आयुर्वेदातली चांगेरी तीच. सावलीत आणि गवताच्या गर्दीत तिचे शेंडे उजेडासाठी वर येतात, त्यामुळे नुसत्या उंचीवरून वेगळी जात ठरवू नका. मुलांना खोडाचा खालचा भाग बघायला सांगा. कॉर्निक्युलाटाचं खोड जमिनीवर सरपटतं आणि पेरापेराला मुळं सोडतं. शिवाय पानाचा देठ खोडाला जिथे जुळतो तिथे दोन बाजूंना बारीक उपपर्णं (देठाच्या बुडाशी असणारे इवले पानासारखे भाग) असतात, देठालाच चिकटलेली, भिंगातून दिसतील. ऑक्सॅलिस स्ट्रिक्टा नावाची जी खरोखर उभी वाढणारी पिवळी जात आहे तिला पेरांवर अशी मुळं नसतात, ती जमिनीखालच्या बारीक धाग्यांनी पसरते, आणि उपपर्णं नसतात किंवा असून नसल्यासारखी. तुमच्या टाकीमागच्या झाडाला मुळं फुटलेली पेरं सापडली तर ती पहिलीच.

जांभळट पानांचीही कॉर्निक्युलाटाच, फक्त रंगाचा प्रकार. तिला ॲट्रोपर्प्युरिया म्हणतात. कुंडीत हौसेने लावतात ती मोठ्या जांभळ्या त्रिकोणी पानांची ऑक्सॅलिस ट्रायँग्युलॅरिस मात्र वेगळी, ती दक्षिण अमेरिकेतली, कंदवाली, आणि तिची फुलं पिवळी नसतात, फिकट गुलाबी किंवा पांढरी असतात.

मुलांना शेंग नक्की दाखवा! उभी, पाच धारांची, इवल्या भेंडीसारखी. पिकलेली शेंग बोटांत हलकेच दाबली की बिया तडतड उडतात. प्रत्येक बीवर पांढरं मांसल आवरण असतं, त्यात ताण साठत जातो आणि ते एका झटक्यात उलटं होऊन बी दूर फेकतं. कुंड्यांच्या रांगेत एका कुंडीतून सगळीकडे आंबुशी होते ती यामुळेच. बीवर आडव्या वळ्या असतात त्याही भिंगातून बघा, फार देखण्या दिसतात.

कुंडीतली_माती:
गुलाबीवर मी लिहितो कारण माझ्या गच्चीवर दोन्ही आहेत. हो, दोन! आपल्याकडे गुलाबी फुलांच्या कंदवाल्या सरसकट एकच समजतात पण बहुतेक वेळा ती एकतर ऑक्सॅलिस लॅटिफोलिया असते नाहीतर ऑक्सॅलिस डेबिलिस, दोघीही मूळच्या उष्ण अमेरिकेतल्या, शोभेचं झाड म्हणून जगभर गेल्या आणि तण होऊन बसल्या. पान उलटं करून उजेडात धरा. कडेजवळ नारिंगी ते काळसर बारीक ठिपके दिसले, पान गोलसर बदामी आणि लवदार असलं तर डेबिलिस (जुन्या पुस्तकांत कोरिंबोसा नाव मिळेल). ठिपके नाहीत आणि पानाचे तीन भाग पसरट त्रिकोणी, वरची खाच रुंद, तर लॅटिफोलिया. मग खुरप्याने सावकाश मुळासकट काढा, ओढू नका. लॅटिफोलियाचे छोटे कंद बारीक पांढऱ्या धाग्यांच्या टोकाला आईपासून लांब लटकतात, डेबिलिसचे आईच्या अंगाला चिकटून पुंजक्याने असतात आणि हात लागला की विखुरतात. खाली पाणीदार पारदर्शक जाड मूळही सापडेल, मुलांना मजा वाटेल.

काढायचं म्हणाल तर वेळ महत्त्वाची. पाऊस सुरू झाल्यावर नवी पानं फुटतात तेव्हा जुना कंद रिकामा होत असतो आणि नवे अजून धरलेले नसतात, तेव्हाच काढायचं. फुलं आल्यावर उपटलं तर तोवर नवी पिल्लं तयार असतात आणि ओढताना आपणच ती सुटी करून पसरवतो. वाफ्यात शिरलीय म्हणता तर मेथी निघाली की ती माती वीतभर खोल काढून चाळणीने चाळून घ्या, कष्ट आहेत पण दुसरा खात्रीचा उपाय मला तरी मिळाला नाही. वर वर पानं कापत राहिलं तरी कंद हळूहळू थकतो, पण खंड पडू द्यायचा नाही. आणि नर्सरीची कुंडी आणली की आधी वेगळी ठेवायची, त्या मातीतूनच ही येते.

सह्यभ्रमर:
खाण्याबद्दल. आंबटपणा ऑक्झॅलिक आम्ल आणि त्याच्या क्षारांचा. चार पानं चघळली, चटणीत किंवा आमटीत मूठभर घातली तर निरोगी माणसाला काही होत नाही, पिढ्यानपिढ्या खाल्ली जातेय. पण रोज भरपूर नको, कारण हे आम्ल शरीरातला कॅल्शियम धरून ठेवतं, आणि ज्यांना मुतखड्याचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी तर टाळावीच. पाटीवर हे स्पष्ट लिहा असं माझं आग्रहाचं मत आहे. याच कुळातली कमरख आणि बिलिंबी आहेत हे मुलांना सांगा, कोकणात बिलिंबीचं लोणचं घालतात ना, तीच. कमरखाबद्दल तर किडनीच्या रुग्णांना फार कडक इशारा आहे, त्यात कॅरमबॉक्सिन नावाचं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य असतं, 2013 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी ते वेगळं काढून दाखवलं. निरोगी किडनी ते बाहेर टाकते, आजारी किडनीला जमत नाही. आणि शाळेच्या आवारातलं काहीही खाताना फवारणी झालीय का, कुत्री फिरतात का, हे आधी.

आवाराच्या आसपास डोंगर असेल तर पावसाळ्यात बायोफायटम शोधा, तेही याच कुळातलं. बारीक उभं खोड, टोकाला पानांचा झुबका, पिवळी फुलं, आणि हात लावला की पर्णिका मिटतात. मुलं त्याला लाजाळू म्हणतील पण लाजाळू शेंगांच्या कुळातलं, हे नाही. आंबुशीची पानंही रात्री खाली मिटतात, संध्याकाळी कुणाला तरी घराजवळची बघून यायला सांगा.

गुंजपाला:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. आज मधल्या सुट्टीत मुलांनी भिंग घेऊन बघितलं. टाकीमागच्या झाडाला खालच्या तीन पेरांना मुळं आहेत आणि उपपर्णंही दिसली, म्हणजे कॉर्निक्युलाटाच. गुलाबीच्या पानामागे कडेला ठिपके आहेत आणि कंद पुंजक्याने, म्हणून डेबिलिस लिहितोय. पण हिला एकही शेंग धरलेली नाही, फुलं तर भरपूर आहेत, असं का? आणि पिवळी आंबुशी पण काढून टाकावी असं आमच्या बागकाम बघणाऱ्या मामांचं म्हणणं आहे, काढू का?

पानफुटी:
शेंग नाही ते बरोबरच आहे. ऑक्सॅलिसच्या बऱ्याच जातींत फुलांचे तीन नमुने असतात, कुणाची स्त्रीकेसराची दांडी लांब, कुणाची मध्यम, कुणाची आखूड, आणि बी धरायला वेगळ्या नमुन्याचा पराग लागतो. डार्विनने 1877 च्या पुस्तकात यावर सविस्तर लिहिलंय. कंदावरून पसरलेली झाडं सगळी एकाच नमुन्याची असली की बी धरणार कसं? मुलांना वेगवेगळ्या कुंड्यांतली फुलं उघडून दांड्यांची उंची ताडून बघू द्या, बहुतेक सगळी सारखीच निघतील.

सह्यभ्रमर:
पिवळी सगळी काढू नका ताई. पेल ग्रास ब्लू या छोट्या निळसर फुलपाखराच्या अळ्या आंबुशीच्या पानांवर वाढतात. मामांना सांगा की वाफ्यातली काढा, कुंपणाकडेची राहू द्या. फक्त जवळ मक्याचं शेत असेल तर एक माहिती असावी, मक्याच्या तांबेऱ्याची बुरशी तिच्या जीवनचक्राचा एक भाग आंबुशीवर काढते, पानामागे नारिंगी पुटकुळ्या दिसल्या तर ती पानं मुलांना दाखवून मग काढून टाका.

कुंडीतली_माती:
आणि चाळून निघालेले गुलाबीचे कंद कंपोस्टच्या खड्ड्यात अजिबात टाकू नका, तिथून खताबरोबर सगळ्या बागेत जातील. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून कडक उन्हात ठेवा, कंद पूर्ण मरेपर्यंत, मगच टाकून द्या.