सॉव्हरिन सिटिझन आणि दारूची केस

अमेरिकेत काही लोक स्वतःला 'सॉव्हरिन सिटिझन' म्हणवतात, म्हणजे सरकारचे कायदे आपल्याला लागूच होत नाहीत असं मानतात. त्यांचा युक्तिवाद दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात टिकू शकतो का, असा प्रश्न आहे. टिकण्यासारखं त्यात काहीच नाही. त्यांचं म्हणणं, 'ड्रायव्हिंग' म्हणजे धंद्यासाठी गाडी चालवणं. आम्ही खासगी प्रवासी, आम्हाला लायसन्स कशाला? पण राज्यं लायसन्सची सक्ती करू शकतात, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ सालीच हेंड्रिक विरुद्ध मेरीलँड खटल्यात मान्य केलंय.

खरं नुकसान कोर्टाआधीच होतं. 'मी कुठल्या करारावर सही केलेली नाही' म्हणत माणूस यंत्रात फुंकायला नकार देतो. अटक झाल्यावर श्वासचाचणीला वॉरंट लागत नाही (सर्वोच्च न्यायालयाचा बर्चफील्ड खटल्यातला निकाल, २०१६), आणि नुसत्या नकारावरूनही सहसा लायसन्स निलंबित होतं. मग कोर्टात काय, तर कागदावर नाव कॅपिटल अक्षरांत आहे म्हणून ती व्यक्ती मी नाही, झेंड्याला सोनेरी झालर आहे म्हणून हे सागरी न्यायालय, त्याला माझ्यावर अधिकारच नाही! न्यायाधीश दोन मिनिटांत फेटाळतात.

मला चीड येते ती असले तयार अर्ज आणि सेमिनार विकणाऱ्यांची. पैसे त्यांना मिळतात, शिक्षा गिऱ्हाईक भोगतं. आरोपीच्या बचावासाठी सरकारकडून मिळणारा साधा वकील घेतला असता, तरी गाडी कशासाठी अडवली, श्वासचाचणीच्या यंत्राचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) केव्हा झालं होतं, असे खरोखर लढवण्यासारखे मुद्दे मांडता आले असते.