मदत हवी आहे: माशांच्या टाकीसाठी कोमट पाणी कसं करू?

पेठेतला_बंड्या
सातारा, मंगळवार पेठ. थंडी पडल्यापासून वैताग आलाय. सकाळी नळाचं पाणी इतकं गार की बोटं आखडतात. तेच टाकीत घातलं की मासे पंख मिटून कोपऱ्यात बसतात. म्हणून गरम पाणी मिसळायला लागलो, तरी तेच. गॅसवर पातेली तापवत बसायला वेळ नाही, आठला घर सोडावं लागतं. झटपट उपाय सांगा. 'टाकीच विकून टाका' हे घरात रोज ऐकतोय, ते नको.

कुपवाडकर
टाकी किती लिटरची? मासे कोणते? आत हीटर आहे का? किती पाणी बदलता?

पेठेतला_बंड्या
टाकी मध्यम. मासे नेहमीचेच. प्रश्न पाण्याचा आहे हो, माशांचा नाही.

आप्पा_विश्रामबाग
आमच्या सांगलीच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. चार ढलप्या घातल्या की दहा माणसांच्या आंघोळी. जुन्या बाजारात अजून मिळतात. घेऊन टाका, पाणी दिवसभर गरम.

कुपवाडकर
आप्पा, तांबं माशांना बाधतं. गोगलगाय, कोळंबी असेल तर संपलंच.

आप्पा_विश्रामबाग
त्याच पाण्यावर आमच्या तीन पिढ्या वाढल्या. कुणाला काही झालं नाही.

कुपवाडकर
तुम्हाला कल्ले नाहीत, आप्पा.

मिरजेची_तार
गोल्डफिश उलटा तरंगत असेल तर पोट साफ नसतं. मटार उकडून, साल काढून, बारीक करून द्या. आमचा उठून पळायला लागला.

पेठेतला_बंड्या
उलटा तरंगतोय असं कोण म्हणालं? माझ्याकडे गोल्डफिश नाहीच. एंजल आहेत आणि निऑन.

कुपवाडकर
हे आधी सांगायचं ना राव! गोल्डफिश गार पाण्यात मजेत राहतो. एंजल, निऑनना पंचवीस-सव्वीस अंश लागतात. एकदम थंडी बसली की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पाठोपाठ येतो. अंगावर मीठ भुरभुरल्यासारखं दिसतंय का?

पेठेतला_बंड्या
नाही. टाकीत हीटर आहे, सव्वीसवर लावलेला. टाकी दोन फुटी, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. आता तरी उत्तर द्या.

रॉडवाला_कराड
बादलीत पंधराशे वॉटचा रॉड सोडा. पाच मिनिटांत काम. उगाच चर्चा कशाला?

शाहूपुरीची_ताई
रॉडला थर्मोस्टॅट नसतो. पाच मिनिटांची दहा झाली की मासे शिजवायचं पाणी तयार. आणि सकाळच्या घाईत बटण बंद न करता बादलीत हात घालणारा माणूस प्रत्येक घरात एक असतो.

रॉडवाला_कराड
ताई, माणसाने डोकं वापरायचं ठरवलं तर रॉड काही करत नाही. आधी प्लग काढायचा, मग हात. बादली प्लास्टिकची.

शाहूपुरीची_ताई
डोकं नऊनंतर चालू होतं, हे आमच्याकडचं निरीक्षण.
बंड्यादादा, दोनच प्रश्न. पाणी किती काढता, आणि गरम पाणी कुठल्या नळाचं?

पेठेतला_बंड्या
अर्धी टाकी. सकाळी पालिकेचं पाणी येतं तेव्हाच करावं लागतं. गरम पाणी बाथरूमचं, बिल्डिंगचा सोलर आहे. फुकट आहे म्हणून तेच घेतो. हाताला बरोबर कोमट लागतं.

शाहूपुरीची_ताई
सोलरच्या टाकीत बोअरचं पाणी चढतं का? शॉवरच्या भोकांत पांढरी खपली धरते का, नखाने काढली तर चुन्यासारखी चुरणारी?

पेठेतला_बंड्या
धरते. वापरायला बोअर, प्यायला पालिकेचं, कास तलावाचं. सगळ्याच अपार्टमेंटला असतं तसं. त्याचं काय?

शाहूपुरीची_ताई
तिथेच पाणी मुरतंय. कासचं पाणी पावसाचं, तलावात साठलेलं. बोअरचं खडकातून आलेलं, क्षार भरलेलं. निऑन मूळचा ॲमेझॉनच्या मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातला. त्याला दर वेळी निम्म्या टाकीत वेगळंच पाणी मिळतं. पाणी कोमट करताय खरं, पण त्यातले क्षारही बदलताय. शिवाय हात गारठलेला असला की वीस अंशांचं पाणीही कोमट लागतं. काचेला चिकटवायचा थर्मामीटर घ्या.

साताऱ्याबाहेरचा
कासवरून आठवलं, यंदा फुलं बघायला ऑनलाइन बुकिंग लागलं का? आम्ही गेलो तेव्हा फुलांपेक्षा सेल्फीवालेच जास्त.

कुपवाडकर
फुलांचा धागा वेगळा आहे. ताई, बोअरच्या पाण्यातही मासे जगतात की. माझ्याकडे गप्पी बोअरमध्येच वाढल्यात.

शाहूपुरीची_ताई
गप्पीला जड पाणी आवडतंच. कायम बोअर घातलं असतं तर एंजलनेही बहुतेक जमवून घेतलं असतं. त्रास अचानक बदलाचा.
आता उपाय. निम्मं नको, पाचवा हिस्सा बदला. तुमच्या मापाच्या टाकीत दगड-वाळू सोडून साठ लिटर धरा, म्हणजे बारा लिटर, एक बादली. सकाळी पालिकेचं पाणी आलं की खास माशांसाठी ठेवलेली, साबण न लागलेली बादली भरून ठेवा. रात्री त्यात पन्नास वॉटचा माशांचाच जादा हीटर सोडा, सव्वीसवर, आणि एअर पंपाची नळी. अठराचं पाणी दोन-अडीच तासांत सव्वीसवर येतं, मग हीटर आपोआप बंद होतो. सकाळी नुसतं ओतायचं.
नळी विसरू नका. गार पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर बुडबुडे होऊन माशांच्या अंगाला चिकटते. नळीने ती आधीच निघून जाते, आणि क्लोरीनही.

रॉडवाला_कराड
म्हणजे शेवटी बादलीत रॉडच की! फक्त काचेचा आणि महाग.

शाहूपुरीची_ताई
थर्मोस्टॅटवाला. पैसे त्याचेच. पाणी काढताना टाकीतला हीटर मात्र आधी बंद करायचा, दहा-पंधरा मिनिटं निवू द्यायचा. तापलेली काच उघडी पडली की तडकते.

आप्पा_विश्रामबाग
बंबाला तडा जात नाही. एवढंच सांगतो.

पेठेतला_बंड्या
आज एवढीच बादली बदलली, कासच्या पाण्याची. घरी पन्नासचा नव्हता म्हणून स्टीलच्या पातेल्यात थोडं तापवून मिसळलं, शेजारून थर्मामीटर आणला. निऑन पुढे येऊन फिरतायत. एंजल अजून रुसून बसलाय. हीटर संध्याकाळी पोवई नाक्यावर बघतो. रात्रभर बादली उघडी ठेवायची का? घरात मांजर आहे.

शाहूपुरीची_ताई
वर जाळी टाका, पूर्ण झाकू नका. आणि वायर मांजराला खेळायला मिळणार नाही अशी बांधा.

मिरजेची_तार
आमच्या मांजराला मटार आवडत नाहीत.