टीडीएस ९०, म्हणून पाणी चांगलं?

वाशिष्ठीकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "लोट्याच्या नावाने ओरड बंद करा, माझ्या बोअरचा टीडीएस ९० आहे." राहवलं नाही म्हणून लिहितोय. लोटे ही खेडजवळची रासायनिक कारखान्यांची वसाहत; ओरड आहे ती तिथून पाण्यात पीफास, म्हणजे निसर्गात सहजी न मोडणारी फ्लोरिनची रसायनं, येत असतील याची. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतं, तेही मिलिग्रॅममध्ये. पीफास मोजायचे नॅनोग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅमचे १० लाख नॅनोग्रॅम. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफासची मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीफासचा रकानाच नाही. इटलीत पीफास बनवणाऱ्या मितेनी कारखान्यामुळे साडेतीन लाखांच्या आसपास लोकांचं पाणी नासलं, २०२५ मध्ये ११ जणांना शिक्षा झाली. त्याच कारखान्याची यंत्रं लोट्यात आली. मग चाचणी मागितली तर ती ओरड?

खेडवाला: ती पोस्ट माझीच. १८ वर्षं लोट्यात नोकरी केली, दोन्ही मुलं त्यावर शिकली. यंत्रं आली म्हणजे विष आलं का? एक रिपोर्ट दाखवा, नाहीतर पोरांच्या पोटावर पाय देऊ नका.

दाभोळखाडी: रिपोर्ट येणार कुठून? आमच्याकडे मासे मेले तेव्हा नमुना घ्यायला तिसऱ्या दिवशी आले. तोवर किती भरत्या-ओहोट्या होऊन गेल्या! बाबांनी त्याच वर्षी होडी विकली.

डोंबिवलीची आई: एवढं भांडता कशाला? आरओ बसवा.

वाशिष्ठीकाठ: आरओ पीफास अडवतो, हे मान्य. पण रिजेक्टच्या पाण्यात तेच दाट होऊन मोरीत जातं.

डोंबिवलीची आई: मग मुलांना नळाचं पाजू? आरओ लावल्यापासून सासूबाईंच्या पोटाची तक्रार गेली.

दाभोळखाडी: पोटाच्या तक्रारीचा इथे काय संबंध? आमच्या वाडीत दुपारची वीज नसते, आरओ चालवू कशावर? तुमची मोरी शेवटी खाडीतच येते.

डोंबिवलीची आई: माझ्यावर डाफरू नका. मीही घाबरूनच आरओ घेतलाय.

लॅबवाली: आरओ राहू द्या, मूळ मुद्द्यावर या. मी एलसी-एमएसवर, म्हणजे पीफास मोजणाऱ्या मशीनवर, काम करते. एकदा आमच्या ब्लँकमध्येच, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या पीफास नसलेल्या पाण्यात, पीएफओएचा पीक (खूण) आला. दोन दिवस शोधलं, तर मशीनची टेफ्लॉन नळी निघाली, तिच्यातूनच ते येत होतं! म्हणून खेडवाले दादांचं एक बरोबर: रिपोर्टशिवाय कुणाला दोषी धरू नये. पण तसा रिपोर्ट सांडपाण्यातल्या घाणीला किती ऑक्सिजन लागतो ते मोजणाऱ्या सीओडी-बीओडीच्या चाचणीतून कधीच येणार नाही. सांडपाण्याला वेगळी पद्धत लागते, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची १६३३ क्रमांकाची. त्यातही प्रक्रियेच्या टाकीत काही पूर्वरूपं मोडून पीएफओए तयार होतं, म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते आतल्यापेक्षा जास्त सापडू शकतं. नमुना दोन्हीकडचा हवा.

खेडवाला: टीडीएसचं मी चुकीचं बोललो, ठीक आहे. पण नोकऱ्यांचं बोललो ते मागे घेणार नाही. माझ्या बोअरचं पाणी तपासा, रिपोर्ट इथेच टाका. काचेच्या बाटलीत भरून ठेवू?

लॅबवाली: काच नको, पीफास तिला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या मी पाठवते. एक ब्लँकची असेल, ती बोअरजवळच उघडायची. नळाच्या तोंडाला टेफ्लॉन टेप असेल तर आधी सांगा.