जॉन बॅसिलोनला पुन्हा आघाडीवर जाऊ देणं चूक होतं का?

धागाकर्ता: अमेरिकी मरीन सार्जंट जॉन बॅसिलोन. २४-२५ ऑक्टोबर १९४२, पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटावर हेंडरसन फील्ड या विमानतळाचा बचाव, त्यासाठी मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक. १९४३मध्ये त्याला युद्धरोखे खपवायला देशभर फिरवलं. देऊ केलेलं अधिकारीपद त्याने नाकारलं, हट्टाने परत लढाईत गेला आणि १९ फेब्रुवारी १९४५ला, इवो जिमा या जपानी बेटावरच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला. हा हट्ट पुरवायला नको होता. प्रशिक्षण केंद्रावर त्याने पलटणीच्या पलटणी घडवल्या असत्या.

बेल्टफेड: साफ अमान्य. लोक पदक बघतात, काम बघत नाहीत. त्याच्याकडे ब्राउनिंग एम१९१७ए१ हेवी मशीनगनचे दोन सेक्शन होते. बॅरल थंड ठेवणाऱ्या जॅकेटमध्ये जेमतेम सव्वातीन लिटर पाणी; सलग पाच-सहाशे गोळ्या झाडल्या की उकळतं. वाफेची नळी डब्यात सोडून पाणी परत मिळवायचं, नाहीतर वाफेमुळे गनची जागा कळते. २५० गोळ्यांचा पट्टा कापडी, ओला झाला की फुगतो आणि गन अडते. बॅरल बसवताना हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि बॅरलमधली फट, हाताने जुळवायची: घट्ट राहिली तर बोल्ट पूर्ण मिटत नाही, सैल राहिली तर काडतुसाचं बूड फाटतं. हे सगळं रात्री, चिखलात, जपानी सेंदाई डिव्हिजन अंगावर येत असताना! त्याने एक जादा गन मोक्याच्या जागी आणली, दुसरी दुरुस्त करून स्वतः चालवली, दारूगोळा संपत आल्यावर शत्रूमधून वाट काढत तोही आणला.

धागाकर्ता: हेच तर म्हणतोय. इतकं येणारा माणूस शिकवायला ठेवायचा.

जुना नकाशा: शिकवलंच की. कॅम्प पेंडलटनवर २७व्या मरीन रेजिमेंटच्या मशीनगनवाल्यांना त्यानेच तयार केलं. मग ऐन वेळी त्यांना दुसऱ्याच्या हवाली करायचं? इवो जिमाच्या किनाऱ्यावर ज्वालामुखीची काळी राख. खड्डा खणला की कडा ढासळतात, पाय रुततात, माणसं किनाऱ्यावरच दाटतात आणि तोफांचं आयतं लक्ष्य होतात. तिथे कुणीतरी उठून पुढे न्यायला लागतं. त्याने शत्रूच्या ब्लॉकहाऊसच्या, म्हणजे बंदिस्त मोर्चाच्या, माथ्यावर चढून हातबॉम्ब आणि सुरुंगांनी तो उडवला, मग सुरुंगक्षेत्रात अडकलेल्या रणगाड्याला बाहेर काढायला मदत केली. त्यासाठीचा नेव्ही क्रॉस, मेडल ऑफ ऑनरच्या खालोखालचं पदक, मरणोत्तर.

तिरकस: एकट्याचा पोवाडा पुरे. ग्वादालकनालच्या त्या रात्री बॅसिलोनच्या बटालियनच्या, म्हणजे कमांडर पुलरच्या, फळीत लष्कराच्या १६४व्या इन्फन्ट्रीची बटालियन तुकड्यातुकड्यांनी घुसवली होती, मागून तोफखाना होता.

बेल्टफेड: बरोबर, फळी सगळ्यांनी मिळून धरली. पण म्हणून अडलेली गन आपोआप सुटत नाही. आणि धागाकर्ते, अधिकारीपद घेतलं असतं तरी मशीनगन प्लाटूनचा लेफ्टनंट काय मागे बसतो?