मदत हवी आहे : मुलांना आणि किशोरांना चांगले वागणे शिकवणारी मराठी पुस्तके

नमस्कार.

साताऱ्यात आमच्या सोसायटीच्या सभागृहात आम्ही तिघीजणी दर रविवारी सकाळी दोन तास मुलांचे वाचनालय चालवतो. ६ ते १६ या वयाची २३ मुले नियमित येतात. गेल्या महिन्यात पालकांनी ३,००० रुपये वर्गणी जमवून दिली आणि मुलांना थोडे वळण लागेल, चारचौघांत कसे वागावे हे कळेल, अशी पुस्तके त्यातून आणावीत असे सुचवले. मागणी मला मनापासून पटली, परंतु पुस्तके शोधू लागल्यावर जी अडचण आली ती येथे सविस्तर मांडते.

ज्या प्रसंगामुळे ही अडचण माझ्या ध्यानात आली, तो आधी सांगते. आमच्याकडे येणारा एक ११ वर्षांचा मुलगा आम्हा तिघींना न चुकता वाकून नमस्कार करतो आणि पुस्तक परत करताना दोन्ही हातांनी देतो. त्याच मुलाने एका रविवारी सभागृह झाडणाऱ्या साठीच्या मावशींना "ए, तिकडचं राहिलं बघ" असे सांगितले. मी त्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा तो खरोखर गोंधळला, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने काहीच वावगे केले नव्हते. घरी, जिन्यात, फाटकापाशी मोठी माणसे मावशींशी जशी बोलतात तसाच तोही बोलला होता. मुलगा उद्धट नाही. आदर कोणाला द्यायचा याची यादी त्याला शिकवली गेली आहे आणि त्या यादीत मावशी नाहीत, एवढेच.

त्यानंतर मी शिष्टाचारावरची आठ-नऊ बालपुस्तके विकत घेऊन किंवा दुकानात उभी राहून चाळली, तर बहुतेकांत हीच यादी छापलेली आढळली. आईवडिलांचे ऐकावे, गुरुजनांना वंदन करावे, पाहुणे आले की पाणी द्यावे, मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये. यातले काहीही चुकीचे नाही, पण यातला सगळा आदर लहानाकडून मोठ्याकडे जातो. बरोबरीच्या मुलाशी कसे वागावे, आपल्याहून लहान असलेल्याचे ऐकून कसे घ्यावे, आपल्या घरी काम करणाऱ्यांना हाक कशी मारावी, याविषयी त्यांत जवळजवळ काही नाही. आमच्याकडे एक मुलगा बोलताना अडखळतो आणि बाकीची मुले, बहुधा मदत करण्याच्या इच्छेनेच, त्याचे शब्द त्याच्याआधी पुरे करून टाकतात. असे करू नये, थांबावे, त्याला त्याचे वाक्य त्याच्या गतीने संपवू द्यावे, हे समजावणारी एखादी साधी गोष्ट मला हवी होती. ती अद्याप मिळालेली नाही.

इंग्रजीवरून केलेल्या अनुवादांची अडचण निराळी आहे. त्यांत मुले आईकडे "कृपया मला पाणी दे" अशी मागणी करतात आणि मिळाल्यावर "धन्यवाद, आई" म्हणतात. मराठी घरात असे कोणी बोलत नाही, म्हणून आमची मुले ते वाचून हसतात आणि पुस्तक मिटतात. आपल्याकडे सौजन्य बहुधा वेगळ्या शब्दात न राहता क्रियापदात आणि सर्वनामात राहते. "पाणी दे" आणि "जरा पाणी देतेस का?" यांत जो फरक आहे तो "कृपया" लावून येत नाही. निघताना आपण "जातो" न म्हणता "येतो" म्हणतो. नारळ फोडला न म्हणता वाढवला म्हणतो. बांगडी फुटली तरी ती वाढली असेच म्हणतो. ऐकणाऱ्याच्या मनाला लागू नये यासाठी भाषेनेच केलेली ही सोय आहे, आणि माझ्या मते मराठी मुलांच्या शिष्टाचाराच्या पुस्तकाची सुरुवात येथून व्हायला हवी. या विषयावर मुलांसाठी कोणी लिहिले असेल तर कृपया आवर्जून सांगावे.

आतापर्यंत ज्या वाचनाचा उपयोग झाला तेही नोंदवते, म्हणजे सुचवणाऱ्यांना अंदाज येईल. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिला समास, म्हणजे मूर्खलक्षणे, मी थोडे भीत भीतच मोठ्या मुलांपुढे वाचला. "दोघे बोलत असती जेथें । तिसरा जाऊन बैसे तेथें । डोई खाजवी दोहीं हातें । तो येक मूर्ख ॥" ही ओवी ऐकून मुले हसली, आणि पुढच्या रविवारी दोघांच्या बोलण्यात मध्येच शिरणाऱ्या एका मुलाला दुसऱ्याने डोके खाजवून दाखवले. मी त्याला रागावले नाही. याच दशकाच्या दुसऱ्या समासातील उत्तम लक्षणांपैकी "वाट पुसल्याविण जाऊं नये । फळ वोळखिल्याविण खाऊं नये" ही ओवी मात्र मुलांना पाठ झाली, तरी तिच्यावर बोलणे फार झाले नाही. दोष ओळखण्याचा खेळ मुलांना भावतो, उपदेशाची यादी भावत नाही, असा माझा अनुभव आहे.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली "श्यामची आई" आमच्याकडे आहेच. त्यातील मुक्या कळ्या न तोडण्याचा प्रसंग लहान मुलांना समजतो, आणि तापाने फणफणलेल्या कांडपिणीची, मथुरीची, आई जी काळजी घेते, तो भाग मी त्या मावशींच्या प्रसंगानंतर मुद्दाम वाचून दाखवला. पण कांडप, उखळ, वाडा, सोवळे हे सगळे समजावून सांगण्यातच निम्मा वेळ गेला. त्या काळाचे ते पुस्तक आहे आणि त्याची थोरवी कमी होत नाही. मला त्याच्या जोडीला आजच्या इमारतीत, आजच्या उद्वाहकात, आजच्या शाळेच्या बसमध्ये घडणाऱ्या गोष्टी हव्या आहेत.

सर्वांत जास्त काम "तोत्तोचान"ने केले. मूळ जपानी पुस्तक १९८१ चे, आणि त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला आहे. त्यात शारीरिक वाढ खुंटलेल्या एका मुलाला वर्गात बाई सहज थट्टेने "तुला शेपटी आहे का?" असे विचारतात. मुख्याध्यापक कोबायाशी नंतर त्या बाईंना त्याबद्दल कडक शब्दांत बोलतात, परंतु शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत न बोलता स्वयंपाकघरात बोलतात, आणि ते तोत्तोचानच्या कानावर पडते. या एका प्रसंगावर आमच्या मुलांनी तासभर चर्चा केली. थट्टा कोणती आणि अपमान कोणता, चूक मोठ्या माणसाचीही असू शकते का, आणि चूक दाखवतानासुद्धा समोरच्याचा मान कसा राखावा, हे तिन्ही प्रश्न मुलांनीच काढले. मला हवे आहे ते अशा जातीचे पुस्तक.

१३ ते १६ या वयासाठी तर माझ्या हाताशी काहीच नाही. एका १३ वर्षांच्या मुलीने मला विचारले, "मोठ्यांना नाही म्हणू नये असं पुस्तकात आहे, पण एखादे काका मला नको असताना गाल ओढत असतील तर?" मी तिला सांगितले की तेव्हा स्पष्ट नाही म्हणायचे, आणि लगेच घरी सांगायचे. पण हे उत्तर माझ्या तोंडून येण्यापेक्षा तिला ते पुस्तकात छापलेले दिसायला हवे होते, असे मला फार तीव्रतेने वाटले. या वयाच्या मुलांना गटात आलेले कोणाचे छायाचित्र न विचारता पुढे पाठवावे का, रात्री अकरा वाजता शिक्षकांना संदेश पाठवावा का, कोणाच्या घरी मृत्यू झाला असता भेटायला जाऊन काय बोलावे, असे प्रश्न पडतात. साने गुरुजींनी पुतणीला, सुधाला, लिहिलेल्या पत्रांचा जिव्हाळा ठेवून आजच्या किशोरांशी कोणी असे बोलले असेल, तर ते पुस्तक मी प्रथम घेईन.

पुस्तक सुचवताना नाव आणि प्रकाशक यांच्याबरोबर आपल्या घरच्या मुलाने ते कोणत्या वयात वाचले आणि शेवटपर्यंत वाचले का, एवढे जरूर लिहावे. कथा, पत्रे, नाटुकली, चित्रपुस्तके, काहीही चालेल. छपाई बंद झालेली पुस्तकेही सांगा. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधण्याची माझी तयारी आहे.

भर : दोघांनी प्रतिसादात विचारले आहे की असे वागणे पुस्तकाने येते का, ते घरात पाहूनच यायला हवे ना. घरात पाहून येते हे मला पूर्ण मान्य आहे. त्या ११ वर्षांच्या मुलानेही घरात पाहूनच ते "ए" उचलले होते. म्हणूनच घराबाहेरचे एखादे पान त्याच्या हाती पडावे असे मला वाटते. मावशींचे नाव आता आम्ही वाचनालयाच्या वहीत सभासद म्हणून लिहिले आहे. त्यांना अक्षरओळख आहे, तेव्हा मोठ्या टायपातील, सोप्या भाषेतील आणि प्रौढ वाचकाला बालिश न वाटणारी पुस्तके कोणास ठाऊक असतील तर तीही याच धाग्यावर सांगावीत.